पहिला अर्थ

मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत चहा यायचा, आणि चहाबरोबर मी.

१९९९ साल. अर्जुनी मोरगावात मी बारावीला. इंग्रजीचे सर दारातून हाक मारायचे, "ये बे डिक्शनरी." मी टेबलासमोर उभा. बस म्हणून कोणी सांगत नसे. सर बिस्किट चहात बुडवायचे आणि विचारायचे, "सिली म्हणजे काय?"

"पुण्यवान, सर."

हशा.

"नाइस?"

"अडाणी, सर."

एका मॅडमना तर ठसका लागायचा. मग मी आणखी रंगात. हात पसरायचो, डोळे फिरवायचो, अर्थ सांगण्याआधी मुद्दाम थांबायचो. मला वाटायचं, मी गाजून राहिलो.

हे अर्थ मी मनाने बनवत नव्हतो. माझा बाप सरांच्याच शेतात सालदार. एका दिवाळीत त्यांच्या घरची रद्दी निघाली, तीत सरांच्या आजोबांचा जाडजूड इंग्रजी कोश होता. पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. बापाने तो मागून घेतला. "पोरगा इंग्रजी शिकून राहिला, मालक." मालक म्हणाले, ने.

त्यात एकेका शब्दाचे सहा-सहा अर्थ. इतके कोण पाठ करणार? मी फक्त पहिला करायचो. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात रोज वीस शब्द, मोठ्याने. तो कोश सगळ्यात जुना अर्थ आधी देतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या घरातून तो आला, तिथे कोणी तो उघडलाच नव्हता. म्हणजे मी चुकत नव्हतो. चार-पाचशे वर्षं मागे होतो, एवढंच.

सहामाहीच्या लेखी पेपरात या अर्थांनी माझी वाट लावली होती. आता भिस्त तोंडी परीक्षेवर. ते मार्क सरांच्या हातात. म्हणून हाक आली की मी धावत जायचो.

एक दिवस बाप कॉलेजात आला. माझ्या फॉर्मला दाखल्याची झेरॉक्स लावायची राहिली होती. चपला हातात घेऊन तो मास्तरांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. सरांना दिसला. बाप सरांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा.

"सद्या, ये आत," सर म्हणाले. "पोराची हुशारी पाह्य." मग माझ्याकडे वळले. "सांग बे, व्हिलन म्हणजे काय?"

मला येत होतं. पहिला अर्थ. "जमीनदाराच्या शेतात राबणारा माणूस, सर." सवयीने हातही पसरले.

सरांनी कप खाली ठेवला आणि बापाकडे बोट केलं. "म्हणजे आमच्या घरचा व्हिलन हा. बोलावलं की हजर."

खोली हसली. बापही हसला. त्याला वाटलं, पोराचं कौतुक चाललं आहे. हात जोडून, एकेकाकडे बघून हसला.

माझे हात खाली आले.

पाठ केलेले शब्द डोक्यात एकामागून एक उभे राहिले. बूर, आधी शेतकरी, आता गावंढळ. नेव्ह, आधी पोरगा, मग नोकर, आता बदमाश. आणि नोबल? आधी मोठ्या घरचा. आता थोर मनाचा. राबणारे सगळे खाली गेले, बसून खाणारे सगळे वर. हे शब्द आपोआप पडले नव्हते. अशाच एखाद्या खोलीत, हसत हसत, कोणीतरी पाडले होते.

"सर, ती आधी शिवी नव्हती," मी म्हणालो. "तुमच्यासारख्यांनी केली. आता केली ना, तशीच."

"तोंडी परीक्षा माझ्याकडेच आहे बे तुझी."

"माहीत आहे. उद्यापासून मला हाक मारू नका."

बापाचं मनगट धरलं आणि बाहेर पडलो.

रस्त्याने तो सायकल हातात धरून चालत होता. "काऊन बोललास गा मालकाले?"

मी त्याला तो शब्द सांगितला. आधीचा अर्थ, आताचा अर्थ. तलावाच्या पाळीशी त्याने सायकल थांबवली. मग म्हणाला, "मंग मी कायले हासलो?"



तोंडीत वीसपैकी तीन मिळाले. इंग्रजीत नापास. बापाने ते शेत सोडलं आणि पन्नाशीत देवरीकडे रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली. मी ऑक्टोबरला पास झालो. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, तेही इंग्रजीचा.

मला लोकांना हसवायला आवडतं. लग्नात, बसमध्ये, मयतीवरून परततानासुद्धा लोक मला घेरून बसतात. पण एका गोष्टीने मी थकलो आहे. दर वर्षी शिक्षकांचं प्रशिक्षण, दर वर्षी नवा साहेब, आणि जेवणानंतर सुस्ती आली की माझे कॉलेजातले किस्से ऐकलेलं कोणीतरी म्हणणारच, "सर, ते जुन्या अर्थांचं होऊन जाऊ द्या. हसून हसून पोट दुखते बाप्पा." पहिली काही वर्षं मी टाळत राहिलो. पाणी प्यायला उठायचो. खोकला काढायचो.

२०१४ साली उठलो नाही. जागेवरूनच बोललो. "शिकायचं असेल तर वही काढा, संध्याकाळपर्यंत शिकवतो."

"अहो, गंमत म्हणून," साहेब म्हणाले.

"गंमत पाहिजे तर माझ्या पोटावर हसा, साहेब. माझ्या चालीवर हसा, मीच चालून दाखवतो. पण ज्या शब्दात माझा बाप हात जोडून उभा आहे, त्यावर मी हसवणार नाही. आणि माझ्यासमोर कोणाला हसू देणार नाही."

वह्या कोणी काढल्या नाहीत. मी फळ्याकडे गेलो, खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली.