हौसाकाकूंची केरसुणी

हौसाकाकू स्वतः चिंब भिजायच्या, पण केरसुणी कोरडी ठेवायच्या. खताच्या गोणीच्या कागदात गुंडाळून ती काखेत धरलेली असायची. श्रावणात सणसरहून आम्ही वीसपंचवीस जण पायी नीरा-नरसिंहपूरला निघायचो. बाकीच्यांच्या पाठीवर रेनकोट, बाम, पॉवर बँक. पिंपळीच्या या सत्तरीच्या बाईकडे एक लुगडं, मिश्रीची डबी आणि ती केरसुणी. काकूंना जाऊन आता वर्ष होईल.

मी बारामतीत मास्तर. आई गेली त्या वर्षी, तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चालतोय, असं विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होतो. जथ्यात असे नग बरेच होते. एक निवृत्त साहेब चालता चालता कृतज्ञतेवर बोलायचे. पावसाचे, उसाचे, पायाखालच्या चिखलाचेही आभार मानायचे. चहा आणून देणाऱ्या बाईकडे मात्र त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. काकू मागून म्हणायच्या, "ढगाचं आभार मानाय काय जातंय? ढग काय कप इसळाय लावत न्हाय."

पहिल्या मुक्कामाला एका शेतकऱ्यानं आम्हाला ओसरी दिली. सकाळी निघताना ती चिखलानं बरबटली होती. मी पुढं होऊन छोटंसं भाषण केलं. आपल्या ऋणातच राहू वगैरे. घरची बाई माझ्याकडे नाही, फरशीकडे बघत होती. काकूंनी कागद सोडला आणि केरसुणी माझ्या हातात दिली. "लई ग्वाड बोलला, मास्तर. आता झाडा."

सगळ्यांसमोर वाकून झाडलं. साहेबांनी तेवढ्यात बूट घालून रस्ता गाठला. काकू खांबाला टेकून बघत होत्या. माझं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "कोपरा ऱ्हायला."

दुसऱ्या दिवशी पाऊस हटेना. काकूंच्या बरोबरीनं चालताना मी वहिनीचं गाऱ्हाणं काढलं. आई शेवटची तीन वर्षं सांगवीत थोरल्या भावाकडे अंथरुणावर होती. दहाव्याला, पाहुण्यांसमोर, औषध वेळेवर का दिलं नाही असं मी वहिनीला विचारलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. पाच महिने झाले होते. काकू माझी बाजू घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, आईचं अंथरूण तुम्ही किती वेळा बदललं? मी म्हणालो, शाळा असते.

काकू मिश्री थुंकल्या. "म्हंजी घाण तिनं काढली आन् शांती तुमी मागताय. देवाला काय येडा समजता व्हय?"

मला राग आला. अडाणी बाईशी काय बोलायचं, म्हणून पुढं निघून गेलो. संगमावर, नरसिंहाच्या रांगेत उभा राहिलो तरी आईसाठी काय मागायचं ते सुचेना. आठवत राहिली तिची पाठ. शेवटची अंघोळ घालताना बायका म्हणाल्या होत्या, तीन वर्षं पडून होती, पण पाठीला एक जखम नाही. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि तरी दहाव्याला औषधाचं काढलं होतं. माझी मलाच किळस आली.

येताना बारामतीला न जाता सरळ सांगवीला उतरलो. मला पाहून वहिनी आत गेली. दादा पेपरात डोकं घालून बसला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून फुटेना. दारामागची केरसुणी घेतली आणि आईच्या खोलीत शिरलो. खाट काढलेली होती. दमट फरशीवर धूळ चिकटून बसली होती. मी भिंतीपासून झाडत दारापर्यंत आलो. कंबर धरली होती, पण उठायचं धाडस होत नव्हतं.

उंबऱ्याशी पावलं थांबली.  मग वहिनी म्हणाली, "कोपरा ऱ्हायला, भावजी."