अकरावं कलम

शेंदूरजनाघाटजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आजोबांनी शेवटच्या दिवसांत बागेच्या एका टोकाच्या चार ओळी, तिथली विहीर आणि लागून असलेलं दोन खोल्यांचं घर आत्याला दिलं. तोंडी दिलं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली तेव्हा मी पहिलीत होते, आणि त्या चार ओळी कायम तिच्याच हातच्या पाण्यावर वाढलेल्या मी पाहिल्या. सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायचं कुणाला सुचलं नाही. तिनंही म्हटलं नाही. भावांजवळ काय मागायचं, असं तिला वाटायचं.

माझे वडील गेल्यावर बाग काकांच्या हातात गेली. मी तेव्हा नवऱ्यापासून वेगळी होऊन अमरावतीत, राजापेठेत एका खोलीत भाड्यानं राहत होते आणि तिथल्याच शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवत होते.

त्या वर्षी रानडुकरांनी बागेत फार नासधूस केली. काकांनी जाळीचं कुंपण घालायचं ठरवलं आणि वरुडच्या एका ठेकेदाराशी बोलणं केलं. करारनामा इंग्रजीत छापलेला, चार पानांचा. काकांनी मला बोलावून घेतलं आणि तो आधी एकटीला वाचायला दिला. दहा कलमं खांब, जाळी, मजुरी आणि दुरुस्तीची होती. अकरावं शेजारच्या वहिवाटदाराचं, म्हणजे इथे आत्याचं, होतं. कुंपणाची ओळ हीच आपल्याला हद्द म्हणून मान्य आहे आणि तिच्याबद्दल पुढे कधी हरकत घेणार नाही, असं त्या माणसानं लिहून द्यायचं. सोबत नकाशा होता. त्यात कुंपणाची ओळ आत्याच्या घरासमोरून वळली होती. घर बाहेर राहत होतं. चार ओळी आणि विहीर आत जात होती.

काकांनी फिरवून काही सांगितलं नाही. आत्याची सही लागते, आणि ती तुझ्याच सांगण्यावर करेल, एवढंच म्हणाले. त्याबदल्यात रस्त्याकडचा तुकडा माझ्या नावे करून देणार होते. मी विचार करायला वेळ मागितला नाही. हे आता लिहितानाही मला बरं दिसावं म्हणून काही जोडावंसं वाटतं, पण खरंच नाही मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात आम्ही बसलो. आत्या, काका, ठेकेदार आणि मी. ठेकेदार मध्यम वयाचा, साधा माणूस होता. बसल्या बसल्या तोच मला म्हणाला, "मॅडम, अकरावं कलम बाईले नीट समजावून सांगा. मागून आमाले झंझट नको."

मी मान हलवली.

आत्या फार लक्ष देऊन ऐकत होती. मी एकेक कलम मराठीत सांगत गेले आणि ती मध्ये थांबवत गेली. खांब किती खोल गाडणार, काळ्या मातीत पावसाळ्यात तो हलणार नाही कशावरून, खड्ड्यात सिमेंट किती, डुकरानं खालून उकरलं तर काय करणार. ठेकेदाराला उत्तरं देताना दोनदा विचार करावा लागला. जाळीचं खालचं टोक जमिनीत पुरायचं, हे करारात नव्हतं. तिनं ते हातानं लिहून घ्यायला लावलं. इतके नेमके प्रश्न माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं मला कधी विचारले नव्हते. ती दहाव्या कलमापर्यंत पोचली तेव्हा मला तिची भीती वाटायला लागली होती.

मग तिनं विचारलं, "अजून काई हाये का यात?"

"नाई, आत्या," मी म्हणाले. "बाकी सारं नेहमीचं हाये."

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, पोरीनं वाचलं म्हणजे झालं. आत्यानं सही केली. एकेक अक्षर जुळवत, पूर्ण नाव लिहिलं.

खड्डे खणायला सुरुवात झाली तेव्हा ती मजुरांना माठातलं पाणी देत होती. कुंपण तिच्या घराच्या मागून जाईल, असं ती धरून चालली होती. खड्डे अंगणासमोर वळले तेव्हा तिनं मजुरांना सांगितलं की तुमचं चुकतंय. ठेकेदारानं कागद दाखवला. फाटक काकांच्या बाजूला बसलं आणि त्याला कुलूप लागलं. जाळीला अडलेली डुकरं तिच्या परसातली भाजी खाऊन गेली. पाण्यासाठी ती गावातल्या नळावर जायला लागली.

वरुडच्या वकिलानं तिला सांगितलं की कागद वाचून दाखवणारी येऊन खरं बोलली तर काहीतरी करता येईल. ते ऐकून ती एसटीनं माझ्याकडे आली. दर वेळी पिशवी भरून संत्री आणायची. त्या दिवशी हात रिकामे होते. माझा तास सुटेपर्यंत ती वर्गाच्या बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली.

"तू वकिलाले फक्त एवढंच सांग, का मी आत्याले ते वाचून नोतं दाखवलं," ती म्हणाली. "तुह्या काकावर मी काई बोलत नाई. मले माही झाडं पायजेत."

पोरं जिन्यावरून उतरत होती. त्यांनी ऐकू नये म्हणून मी आवाज खाली केला. "सही तू केली ना, आत्या? समजलं नोतं तर कावून केली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, शिवी दिली नाही. तिच्या डोळ्यांत मला उलट कुतूहल दिसलं, जणू ही कोण आहे हे ती ओळखायचा प्रयत्न करत होती. मग ती जिना उतरून गेली. पुढचा तास सुरू व्हायचा होता. मी फळा पुसला.

वकिलाकडे ती पुन्हा गेली नाही. घराला कडी लावून अकोल्याला, जठारपेठेत, मुलीकडे राहायला गेली. काकांनी दिलेला शब्द पाळला. रस्त्याकडच्या तुकड्यावर मी दोन खोल्या बांधल्या आणि वास्तुशांतीचं बोलावणं द्यायला मीच जठारपेठेत गेले. का गेले, ते मला नीट सांगता येत नाही. लोकांनी विचारलं असतं, हे एक कारण नक्की होतं.

आत्यानं मला बसायला सांगितलं. झाडांचं विचारलं. दोन ओळी वाळल्या, काकांनी तोडून टाकल्या, मी सांगितलं. कोणत्या, तिनं विचारलं. विहिरीजवळच्या, मी म्हणाले. ती उठून आत गेली. चहा टाकायला गेली असेल, असं समजून मी बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, तुमी आता निघा."

रिक्षात बसल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. ती वास्तुशांतीला येणार नव्हती, आणि पाहुण्यांसमोर तिच्या शेजारी मला उभं राहावं लागणार नव्हतं.