पावणं, जरा बाजूला व्हा!

माणसाचा फोटो काढता न येणारा फोटोग्राफर साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरी पडला. पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणून आम्ही माहेरचे सगळे त्यांना दाजी म्हणतो आणि गप्प बसतो. निदान बाकीचे तरी बसतात. दाजींचा स्टुडिओ मंगळवार पेठेत. इतरांच्या स्टुडिओच्या काचेमागे काय असतं? हनुवटीला बोट लावलेली नवरी, उशीवर पालथं घातलेलं बाळ, नाहीतर फेटा बांधलेला एखादा नगरसेवक. दाजींच्या काचेमागे नुसत्या मोटारसायकली, त्याही आपल्या वडलांच्या जमान्यातल्या, आणि एकीजवळही माणूस उभा नाही. पेठेत नव्याने राहायला आलेला एक गृहस्थ आपलं पंक्चर झालेलं चाक स्टुडिओच्या पायरीवर ठेवून गेला होता आणि संध्याकाळी येऊन ‘झालं का?’ म्हणून विचारत होता. दाजींनी त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि त्या चाकाच्या आऱ्या कशा चुकीच्या आहेत ते समजावून सांगितलं. पंक्चर त्याने शेवटी दुसरीकडे काढून घेतलं.

मी हे हसून सांगत असले तरी माझं दुखणं जुनं आहे. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि माझं लग्न ठरलं. ‘घरचा माणूस असताना बाहेरचा फोटोवाला कशाला?’ असं आमचे वडील म्हणाले आणि तिथेच माझा घात झाला. नवऱ्याचे मामा शाहूवाडीहून आपल्या जुन्या बुलेटवरून आले आणि त्यांनी ती कार्यालयाच्या दारात लावली. झालं! अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, मी लाजत मान वर केली, तर समोर दाजी नाहीतच. ते बाहेर फाटकाशी पोटावर झोपून त्या बुलेटच्या इंजिनाचा फोटो काढत होते. माझ्या अल्बमात पहिल्या पानावर गणपती आहे आणि दुसऱ्या पानावर हेडलाइट. सप्तपदीचा एकच फोटो आहे, त्यात खिडकीतून दिसणारं मडगार्ड माझ्यापेक्षा स्पष्ट आलंय. अल्बम बघायला आलेल्या शेजारणीने सासूबाईंना हळूच विचारलं, “पोरीला गाडी घातली व्हय लग्नात?” मी दाजींशी कडाकडा भांडले, तर ते शांतपणे म्हणाले, “अगं धाकले, नवरी काय, रोज आरशात दिसती. तसली गाडी परत दिसंल व्हय?”

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची कोल्हापुरात एक वेगळी जातच आहे, आणि दाजी त्या जातीचे भटजी. ही माणसं बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवत नाहीत, पण गाडीचा चेसिस नंबर झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतात. पोराला ताप आला तर ‘उतरंल की’ म्हणतात आणि गाडीने जरा वेगळा आवाज केला की जेवण सोडतात. प्रत्येकाची गाडी जिल्ह्यात एकमेव असते. अशा लोकांकडे दर रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात दाजी फोटो काढायला जात. सोबत कॅमेरा, दात घासायचा एक जुना ब्रश आणि अक्का. ब्रश आऱ्यांमधला चिखल काढायला, अक्का पांढरी चादर धरायला. त्या चादरीवरून ऊन गाडीवर पाडायचं, म्हणजे म्हणे लोखंड बोलायला लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दाजींनी काढलेल्या फोटोत अक्का म्हणून कुठे असेल तर एका कोपऱ्यात, चादरीच्या टोकाला, तिचा अंगठा.

खरी मजा मालकाची. आपला फोटो निघणार म्हणून तो बिचारा दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, एक पाय फुटरेस्टवर ठेवून उभा राही. मग दाजी कॅमेऱ्याला डोळा लावत आणि त्यांचा मंत्र सुरू होई. “पावणं, जरा बाजूला व्हा. अजून जरा. अजून.” कुरुंदवाडला तंबाखूच्या व्यापारातले एक अप्पा होते. त्यांनी फोटोसाठी अख्खं कुटुंब नटवून बाहेर काढलं होतं. मुलगे, सुना, नातवंडं, सगळी गाडीभोवती ओळीने उभी. दाजींनी ‘अजून जरा, अजून जरा’ करत सगळ्यांना पार अंगण ओलांडून उसाच्या फडात नेऊन घातलं. उसातून त्यांचं आपसात कानडी सुरू झालं. त्या दिवशी मीही अक्कासोबत गेले होते; मला कानडी येत नाही, पण आशीर्वाद नक्कीच नसावेत. आठ दिवसांनी फोटो हातात पडला तेव्हा अप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि काकुळतीने विचारलं, “आणि मी कुठं हाय ह्यात?” दाजी म्हणाले, “असं काय करताय अप्पा? गाडी तुमचीच की!”

दसऱ्याला तर विचारू नका. गाव गाड्या धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालतं आणि दाजी मागून जाऊन त्या माळा काढतात. ‘तोंड झाकतंय गाडीचं’ म्हणे! एका पैलवानाच्या गाडीची माळ काढली तेव्हा पैलवानाने दाजींनाच उचलून बाजूला ठेवलं. तो एक दसरा आम्हा सगळ्यांना फार आवडला.

पण दाजींच्या साऱ्या वेडाचा कळस म्हणजे ‘ओरिजिनल’ हा शब्द. गाडीचा नट जरी कंपनीचा नसला तरी ते कॅमेरा पिशवीत घालत. मग ज्या गाड्या मुद्दाम कापून, पुढचं चाक धरणारा चिमटा लांबवून, मागे रुंद टायर बसवून नव्याच थाटात उभ्या करतात, त्यांचं नाव तरी काढायची सोय होती का? आणि ही कलाकारी करणारा कोल्हापुरातला पहिला माणूस म्हणजे दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त, उद्यमनगरातला बापू. आडदांड, मोठ्या आवाजाचा, वेल्डिंग करताना काळी काच कधीही डोळ्यांपुढे न धरणारा. ‘काच लावली तर ठिणगी दिसंल व्हय?’ असा त्याचा सवाल असे. दोघांनी तरुणपणी मिळून एक जुनी बुलेट घेतली होती, लष्कराच्या लिलावातली. तिच्यावरून जोतिबाला जाताना दोघंही घाटात पडले. गुडघे फुटले ते भरून आले, पण पेट्रोलच्या टाकीला वाडग्याएवढा पोचा पडला तो राहिला. पुढे गाडी बंद पडली आणि बापूच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिली, कारण दाजी तिला डुप्लिकेट भाग लावू देत नव्हते आणि ओरिजिनल भाग जगात कुठे मिळत नव्हता. बापू म्हणे, “आरं, लेथवर दोन तासांत करून देतो.” दाजी म्हणत, “तू हात लावू नगंस.” शेवटी एक दिवस बापूचं टाळकं सरकलं आणि त्याने गॅस पेटवून ती गाडी कापली. तिचाच लांब चिमट्याचा, घोड्यासारखी मान काढलेला अवतार बनवला आणि हौसेने दाजींना दाखवायला बोलावलं. दाजींनी शेडच्या दारातूनच बघितलं. घरी आले ते सरळ परसात गेले आणि डोक्यावरून बादली ओतून घेतली. अक्का घाबरून धावली, “अगंबाई, कोण गेलं?” दाजी म्हणाले, “गाडी गेली.”

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मिसळ मात्र दोघांनाही एकाच हॉटेलातली लागे, आणि रविवारी जागा नसली की एकाच टेबलावर बसावं लागे. मग सगळा संवाद वाढप्यामार्फत. “त्यास्नी सांगा, कांदा हिकडं सरकवा म्हणावं.” “त्यास्नी सांगा, कांदा ओरिजिनल हाय, त्यास्नी चालंल.” असं किती वर्षं चाललं देव जाणे. वाढपी बदलले, रस्सा पातळ झाला, दोन हजार साल येऊन गेलं, हाताहातात डिजिटल कॅमेरे आले. दाजी रोलवरच अडून बसले आणि बापू मोठा झाला. पुण्या-मुंबईची पोरं त्याच्याकडून गाड्या बनवून नेऊ लागली. त्या गाड्यांचे फोटोही छापून येत. दाजी ते गुपचूप बघत आणि खूश होऊन म्हणत, “फोटोत पार म्हस दिसतीया, म्हस!”

आणि मग एक दिवस बापू आमच्या अक्काकडे आला. दाजी घरी नसतानाची वेळ बघून आला होता. मी तिथेच होते. जन्मभर ठिणग्या बघून त्याचे डोळे कामातून गेले होते. एकाने दिसायचं केव्हाच बंद झालं होतं आणि दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. एवढा आडदांड माणूस, पण चहाची बशी चाचपून उचलत होता. म्हणाला, “वैनी, त्याला सांगा, त्या एका गाडीचा फोटो काढ म्हणावं. ती मी कुणाला इकली न्हाय. दिसतंय तवर त्याच्या हातचा एक फोटो बघू दे मला. बाकीच्यांनी लई काढलं, पर लोखंड बोलत न्हाय त्यात.”

दाजींना सांगितलं तर ते उसळलेच. “कापलेल्या गाडीचा फोटो? मग उद्या मसणात जाऊन मढ्याचाबी काढू व्हय?” मी म्हटलं, “दाजी, त्याचे डोळे चाललेत आणि तुम्हाला चिमट्याचं पडलंय? माणूस आहात की मडगार्ड?” त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.  रविवारी सकाळी अक्काने पांढरी चादर घडी करून काखेत मारली, चपला घातल्या आणि म्हणाली, “मी बापू भावजींकडं चाललेय चादर धरायला. फोटो कुणीबी काढू दे.” आम्ही दोघी कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागून दाजी आले. कॅमेरा गळ्यात आणि ब्रश खिशात.

शेडसमोर बापूने गाडी काढून ठेवली होती, डबल स्टँडवर, धुऊनपुसून लख्ख. दाजी तिच्याभोवती पंचनामा करणाऱ्या हवालदारासारखे फिरले. बापूकडे न बघता अक्काला म्हणाले, “हँडल हाय का बैलगाडीचं जू? आणि ही सीट का घसरगुंडी?” बापू हसत होता. फिरता फिरता दाजींनी टाकीवर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला. गुळगुळीत काळ्या रंगाखाली, डाव्या अंगाला, तो पोचा तसाच होता. जो बापू गाडीवर नखाएवढा खड्डा राहू देत नव्हता, त्याने वाडग्याएवढा पोचा राखून वरून रंग चढवला होता. दाजी किती वर्षांनी त्याच्याशी सरळ बोलले, “बापू, पोचा काढला न्हाईस?”

बापू म्हणाला, “त्यो काय माझ्या एकट्याचा हाय व्हय, काढाय?”

 दाजींनी उगीचच खिशातला ब्रश काढून स्वच्छ आऱ्या घासल्या. अक्काने चादर उघडली, ऊन गाडीवर पडलं. दाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला तसा बापू गाडीच्या आधाराने चाचपत निघाला. “व्हतो बाबा बाजूला. ठावं हाय मला.”

“थांब,” दाजी म्हणाले. “हितंच ऱ्हा.”

फोटो चांगला हातभर मोठा धुऊन आला. बापूने तो नाकाला लावून, एका डोळ्याने, खालीवर करत बघितला. त्यात बापू होता. कपाळावरच्या आठ्या, मनगटावरचे भाजल्याचे डाग, पोच्यावर टेकलेला पंजा, केस न् केस स्पष्ट. आणि गाडी? पंजाखालचा तेवढा पोचा सोडला तर बाकी सगळी धुरात गेल्यासारखी पुसट. बापूने विचारलं, “आरं, पर गाडी कुठं हाय ह्यात?”

दाजी खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “गाडी हलली.”

मी तोंड उघडलं होतं. माझ्या सप्तपदीचा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता करायची संधी चालून आली होती. पण अक्काने माझा हात दाबला आणि बापू तो फोटो नाकापासून दूर करायला तयार नव्हता. आता तो फोटो स्टुडिओच्या काचेमागे आहे, साऱ्या मोटारसायकलींच्या मधोमध. बापूला आता काहीच दिसत नाही, पण रविवारी मिसळ खाऊन दाजींच्या खांद्यावर हात ठेवून तो तिथवर येतो, काचेवर बोट टेकवतो आणि विचारतो, “हाय न्हवं मी?” दाजी म्हणतात, “हाईस की.” गाडी त्या दिवशी डबल स्टँडवर होती, हे मी अजून कुणाला बोलले नाही.