बोकड आधी, निकाल नंतर

मी सी.ए.च्या परीक्षेत नापास झालो आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ आमच्या घरी बोकड कापण्यात आला.

यात चूक कुणाची, याचा निकाल अजून लागलेला नाही. (माझा लागला होता, आणि तो अगदी स्पष्ट होता.) आमची वाडी पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला डोंगरात. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत कामाला आणि ते सगळे गावकीच्या एकाच खोलीत राहायला. मीही तिथेच राहायचो. दिवसा एका साहेबांच्या हाताखाली उमेदवारी आणि उरलेल्या वेळात अभ्यास. माझ्यासाठी ती दमलेली माणसं कुजबुजत बोलायची, पत्ते मुक्याने खेळायची. आमच्या भजनी मंडळाने तर टाळ फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिले होते. एवढ्या माणसांनी एवढी कळ सोसल्यावर नापास होणं, हे वाटतं तितकं सोपं काम नव्हतं!

सी.ए. म्हणजे काय, हे आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) वाडीला समजावून ठेवलं होतं. दुसऱ्यांनी मांडलेल्या हिशेबातल्या चुका काढायच्या आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे. यावर शेजारच्या पार्वतीकाकी म्हणाल्या होत्या म्हणे, की चुका तर मी अख्ख्या वाडीच्या फुकट काढते, त्यासाठी मुंबई कशाला पाहिजे.

तर निकाल लागला. यादीत माझा नंबर नव्हता. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, पण यादी आपल्या मतावर ठाम राहिली. खोलीवर जाऊन त्या टाळांकडे बघायची माझी छाती होईना. तडक एस.टी. पकडली आणि महाडला उतरलो. तिथे आबांच्या ओळखीचे एक भाताचे व्यापारी होते. त्यांच्या वखारीत जाऊन मी दिवाणजीची नोकरी मागितली. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि सोमवारपासून ये म्हणाले. नापास सी.ए. म्हणजे स्वस्तात मिळालेला पास दिवाणजी, असा त्यांनी विचार केला असावा.

आता माझा बेत पक्का होता. घरी जायचं, एका दमात सांगायचं की नापास झालो. दुसऱ्या दमात सांगायचं की परीक्षा बस्स झाली, आता महाडची वखार. सगळ्या वाटेने मी या दोन दमांची तालीम करत होतो. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी घालवली, ती मी एस.टी.च्या एका फेरीत सोडून दिली होती.

वाडीच्या चढणीला लागलो तर वरून येणारा पहिलाच माणूस "या शायेब" म्हणाला आणि माझी पिशवी काढून घेऊन पुढे चालायला लागला. थोडं वर गेल्यावर मटणाचा वास आला. आणखी वर गेल्यावर दिसलं, की तो आमच्याच अंगणातून येतोय.

झालं होतं ते असं. पोरगा पास झाला तर गावदेवीला बोकड आणि वाडीला जेवण, असा आबांनी नवस केला होता. नवस म्हणजे आधी काम व्हायचं आणि मग फेडायचा, हे लहान पोरालाही कळतं. पण आबांना धीर कुठला! त्यांनी आमच्या धोंडू गुरवाला कौल लावायला सांगितला. देवीच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पडली उजवी. आबांच्या लेखी निकाल तिथेच लागला, मुंबईवाले आता नुसता कागद छापणार होते. त्यात बिबट्याने शेजारच्या वाडीतली शेळी उचलून नेली. तेव्हा नवसाचा बोकड बिबट्याने खाण्यापेक्षा देवीने आणि वाडीने खाल्लेला बरा, असं ठरवून आबांनी निकालाच्या दिवशी, मी घरी पोचायच्या आधीच, नवस आगाऊ फेडून टाकला.

अंगणात शाळेतली खुर्ची आणून ठेवली होती. मला तिच्यात बसवलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. मी म्हटलं, "आबा, जरा आत या." आबा म्हणाले, "आत काय हाय? मानसा सगली भायेर हायत." मी त्यांच्या कानाशी लागलो तर त्यांनी दुसरा कान पार्वतीकाकींकडे केला. मग वाडीतले सर्वांत वडील दगडूतात्या भाषणाला उभे राहिले. आजपर्यंत या वाडीने गिरणीला माणसं दिली, पण गिरणीमालकाच्या चुका काढणारा माणूस पहिल्यांदाच दिला, असं ते म्हणाले. तेवढ्यात पानं मांडली.

नापास झालेल्या माणसाला भूक लागू नये, अशी रीत आहे. पण मी मुंबईपासून उपाशी होतो. शिवाय आत्ता सांगितलं तर सगळ्यांचा घास अडेल, असा थोर विचार माझ्या मनात आला. (तो मटण बघूनच आला.) मी मान खाली घालून जेवलो. आईने दोनदा वाढलं, मी दोनदा खाल्लं. स्वतःच्या पास होण्याचं जेवण नापास होऊन इतकं पोटभर जेवलेला दुसरा माणूस तालुक्यात नसेल.

हात धुतले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "मी नापास झालोय."

पार्वतीकाकींचं नळीतला गर काढणं मध्येच थांबलं. दगडूतात्यांनी शांतपणे विचारलं, "नापास म्हंजे थोडा का पुरा?"

"पुरा."

मग चौकशी सुरू झाली. देवी चुकली म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. धोंडू गुरवाने पाकळ्या नीट लावल्या नव्हत्या का, अशी एक शंका निघाली, तर तो हातातला पानाचा विडा खाली ठेवून उठून जायला निघाला. त्याला परत बसवलं. बोकडाची तर काहीच चूक नव्हती. राहता राहिलो मी. आणि आबा? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईने माझा दुसरा दम काढला, की परीक्षा सोडली, सोमवारपासून महाडच्या वखारीत जातोय.

"आसा कसा?" दगडूतात्या म्हणाले. "मंग आमी जेवलो त्या कसला?"

हा प्रश्न सगळ्यांनाच पटला. वाडी पास होण्याचं जेवण जेवली होती. देवीला नैवेद्य पोचला होता. आता पोरगा पास झालाच नाही, तर वाडी फुकटची जेवली असा अर्थ होतो, आणि आमच्या वाडीला दुसरं काहीही म्हणा, फुकटचं जेवणारी म्हणू नका. तेव्हा मला पास व्हावं लागेल, असं बहुमताने ठरलं. मी म्हटलं, परीक्षा अशी बहुमताने होत नाही. मग पुन्हा देवीलाच विचारू, सकाळी कौल लावू, असं ठरवून मंडळी सुपारी कातरत घरी गेली.

मागच्या दारी आई टोप घासत बसली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो तशी ती वर न बघताच म्हणाली, "मला ठाव होता."

"कसं?"

"पास झालेला पोर मान खाली घालून जेवतो काय रे? म्हनून तर दुसऱ्यांदा वाढला." मग राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "नापास झालास त्याचा मला काय नाय. पन तू वखारीत बसून रोज असाच जेवशील, त्या मला बघवनार नाय."

मला तिथेच रडू आलं. चांगला मिशा फुटलेला माणूस, गळ्यात झेंडूची माळ, आणि खरकट्या टोपाशेजारी उभा राहून रडतोय! आईने मला रडू दिलं आणि मग पाणी ओतायला लावलं.

सकाळी देवळात सगळी वाडी हजर. धोंडू गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की पोराने परत परीक्षेला बसायचं असेल तर उजवी दे, महाडला जायचं असेल तर डावी दे. सगळ्यांनी हात जोडले. पाकळ्या हलेनात. दगडूतात्यांना खोकला आला तो त्यांनी गिळला. मी चार बुकं शिकलेला, कौलाबिलावर विश्वास नसलेला माणूस. पण मीसुद्धा टक लावून बघत होतो, आणि बघता बघता लक्षात आलं, की मी फक्त उजव्या पाकळीकडे बघतोय. पड गं बाई, पड, असं मनातल्या मनात म्हणतोय. मला महाडला जायचंच नव्हतं. मला परत बसायचं होतं, आणि हे मला कळावं म्हणून देवीला सकाळी सकाळी कामाला लावावं लागलं होतं.

"राहू दे," मी मोठ्याने म्हणालो. "मी परत बसतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर घातली. आणि त्याच क्षणी, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत, डावी पाकळी टपकन खाली पडली.

धोंडू गुरव पुढे झाला, त्याने ती पाकळी उचलली, कनवटीला खोचली आणि म्हणाला, "वारा हाय."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पण दगडूतात्या म्हणाले, "हाय खरा वारा." पार्वतीकाकींनी तर पदर सावरून घेतला.

मी परत बसलो. खोलीतले टाळ पुन्हा गुंडाळले गेले. त्या खेपेला पास झालो नाही, पण त्याच्या पुढच्या खेपेला झालो. पेढे घेऊन डोंगर चढलो. वाटेत कुणी "शायेब" म्हणालं नाही, पिशवी मीच वाहिली. आबा कुंपणाला काट्या लावत होते. मी धापा टाकत सांगितलं, "आबा, पास झालो!"

"त्या आमाला तवाच ठाव होता," आबा म्हणाले. "जेवान नाय का घातला?" आणि त्यांनी पुढची काटी उचलली.

त्या दिवशी आमच्या घरी कुळथाची पिठी आणि भात होता. माझ्या पास होण्याचं मटण मीच, दोनदा वाढून घेऊन, नापास असताना संपवलं होतं. मी आता सरकारमान्य हिशेबतपासनीस होतो, म्हणून सगळा व्यवहार मुद्दाम पुन्हा तपासून पाहिला. एकही चूक सापडली नाही, तेव्हा मुकाट्याने पिठी ओरपली. फक्त या वेळी मान वर करून.