वत्सलामावशीच्या पिशवीतली चिठ्ठी

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या बरं, कारण हे सांगताना माझे हात आजही गार पडतात.

मी करुणा. वय अडतीस, लग्न नाही, धंतोलीत एका पॅथॉलॉजीत रक्त काढते. दिवसभर लोक माझ्या सुईले भितात. मी मात्र कोणाले भीत नव्हती, त्या शनिवारपर्यंत.

झालं असं, की "लग्न कधी, लग्न कधी" ऐकून माझे कान किटले. मी म्हटलं, नवरा देव पाहून घेईल, आपण आपला स्वभाव तर सुधरवू! आमच्या बायबलात पवित्र आत्म्याची फळं, म्हणजे चांगले गुण, नऊ. महिन्याले एक. म्हणजे नऊ महिन्यात मी संत होणार होती. पहिलं फळ घेतलं सहनशीलता. आठवड्याले कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाची एक चिठ्ठी फाडायची, रोज कुठं घसरली ते तिच्यावर लिहायचं आणि बायबलमध्ये ठेवायची.

आता घसरायची कोणापाशी? तर वत्सलामावशीपाशी! मावशी सख्खी नाही, आमच्या चर्चमधली. पण आई गेली तेव्हापासून दर रविवारी माझ्यासाठी डबा आणते. ताप आला तर उशाशी बसते. या नागपुरात मले माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस आहे.

आणि त्या आठवड्यात मी काय लिहिलं होतं? एक, मावशीची प्रार्थना इतकी लांबते की देवालेही डुलकी लागत असंल. दोन, मावशीची वांग्याची भाजी मी दर रविवारी शेजारणीले देऊन टाकते. तीन, मावशी माझ्यासाठी नवरा मागते तेव्हा मी आमेन म्हणत नाही.

शनिवारी दुपारी आमची महिला संगती असते. रीत अशी, की प्रत्येकीनं आपली प्रार्थनेची विनंती चिठ्ठीवर लिहून कापडी पिशवीत टाकायची. नाव नाही लिहायचं. चहा झाला की एकेकीनं चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची.

मीही टाकली आणि बसली. सहज बायबल उघडलं तर आतली चिठ्ठी गायब! पर्स पाहिली, तिच्यातही नाही. विनंतीची चिठ्ठीही त्याच कॅलेंडरची, तशीच घडी केलेली. म्हणजे मी पिशवीत टाकली तरी कोणती?

पिशवी कोणाच्या मांडीवर? मावशीच्या! मी म्हटलं, मावशी, पिशवी मी धरते. ती म्हणे, तू चहा पी. मी म्हटलं, आज चिठ्ठ्या राहू द्या, गाणीच म्हणू. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोनं, माझ्याकडं असं पाहिलं की मी खालीच बसली. मनात एकच, ही चिठ्ठी वाचली गेली तर मावशी तोंडानं काही बोलणार नाही, पण रविवारी येणारही नाही. मले खरंच रडू येऊन राहिलं होतं.

शेवटी मी मावशीच्या कानाशी गेली. म्हटलं, मावशी, बाहेर ये, एक सांगायचं आहे.

"काहून वं, थरथरून काहून राहिली?" मावशीनं मले पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "जमलं काय वं तुझं?"

झालं! बावीस बाया माझ्याभोवती. कोणी विचारे मुलगा कामठीचा का, कोणी विचारे नोकरी कुठं. पाळकीणबाईंनी तर हात जोडून स्तुती सुरूच केली. मावशीच्या डोळ्यात पाणी.

आता तुम्हीच सांगा, काय केलं असतं? मी डोळे मिटले आणि तिन्ही कलमं सांगून टाकली. वांग्यासकट. शेजारणीच्या नावासकट.

मावशीनं पदरानं डोळे पुसले, पिशवीत हात घातला, एक चिठ्ठी काढली आणि चष्मा लावून वाचली, "मला सहनशीलता मिळावी."

अक्षर माझं होतं. आणि दुसरी चिठ्ठी? मी गाण्याचं पुस्तक उचललं तर त्यातून टपकन माझ्या पायाशी पडली. सकाळी मीच तिथं खूण म्हणून ठेवली होती.

मावशी उभी राहिली. जन्मात केली नसंल इतकी लहान प्रार्थना केली.

"प्रभू, ही पोरगी सहनशीलता मागून राहिली. तिले दे. पण पहिले मले दे. आणि तो जो कोणी हिच्या नशिबात असंल ना, त्याले सगळ्यात जास्त दे."

सगळ्या माझ्याकडं पाहून राहिलेल्या. शेवटी आमेन मलेच म्हणावं लागलं.

रविवारी मी दारातच उभी होती, येते की नाही म्हणून. मावशी आली. डबा दोन पुडाचा, दोन्हीत वांगी. शेजारणीचं दार तिनं स्वतःच्या हातानं ओढून घेतलं, माझ्यासमोर खुर्ची टाकली आणि म्हणाली, "खा. मी बसली आहे. आज मले काहीच घाई नाही."

पुढचं फळ ममता आहे. पण मी अजून पहिल्यावरच अडकली आहे, दर रविवारी, दोन पुडं.