हळदीखालची सही

"हे परत पाठवा," साहेब म्हणाले. "सही नाही. म्हणजे नक्कल आहे."

माझ्या टेबलावर अठराव्या शतकातलं एक फ्रेंच पत्र होतं. फ्रान्सच्या नौदलमंत्र्याने हिंदुस्थानातल्या आपल्या अधिकाऱ्याला लिहिलेलं. तेव्हा त्यांच्याकडे समुद्रापलीकडचा सगळा कारभार नौदलमंत्रीच बघायचा. मजकूर कारकून लिहायचा, मंत्री खाली सही करायचा. सही असली तर पत्र अस्सल. इथे सहीच्या जागी हळदीचा जाड थर बसला होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करणं ही माझी नोकरी, आणि साहेब तिथले प्रमुख. पत्राचे मालक आबा, श्रीगोंद्याचे शेतकरी, बाहेर बाकावर बसले होते. पत्र ज्याला लिहिलं तो अधिकारी पुढे शिंद्यांच्या तोफखान्यात आला, आबांचा पूर्वज त्याच्या हाताखाली होता आणि मायदेशी जाताना त्या फ्रेंचाने हा कागद त्याला दिला, अशी घरातली गोष्ट. भाऊकी या गोष्टीवर हसायची. म्हणून आबांनी इरेला पेटून कागद आमच्या प्रदर्शनाला आणला होता. तो तसाच परत नेला असता तर म्हाताऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी बाहेर जाऊन विचारलं, "आबा, हळद फक्त खालीच का लावलीय?"

"दसऱ्याला तलवारीसंगं कागदबी पुजतो आमी. थोरल्यानं सांगून ठिवलंय, जिथं नाव हाय तिथंच बोट लावायचं. मानूस नावात असतो, बाई."

मला हसूच फुटलं. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, सही आहे. आहे म्हणूनच ती झाकली गेलीय. पिढ्यान्‌पिढ्या तिचीच पूजा चाललीय."

"आणि हळद काढताना शाई गेली तर?"

"ती शाई लोखंडाची असते, कागदात मुरलेली. स्पिरिटने हलत नाही."

"गेलीच तर?"

"जबाबदारी माझी. लिहून देते."

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे घरात धुणं धुणारी कुणीही सांगेल. पाण्याला तो दाद देत नाही. स्पिरिटमध्ये मात्र विरघळतो. आबांना विचारलं. ते म्हणाले, "करा. खोटं असंल तर तेबी कळू द्या."

आधी मजकुरातल्या एका अक्षरावर थेंब टाकून पाहिला. शाई जागची हलली नाही. मग सहीच्या जागेखाली टीपकागद ठेवला आणि थेंब थेंब स्पिरिट सोडत गेले. टीपकागद पिवळा झाला की बदलायचा, पुन्हा तेच.

हळदीतून आधी एक जाड फराटा वर आला. मग अख्खं नाव आलं, कारकुनापेक्षा वेगळ्या हाताचं. साहेबांनी त्याच मंत्र्याच्या सहीचा फोटो शोधून आणला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आबांना आत बोलवा. आणि चहा सांगा."

प्रदर्शनाला आबा ट्रॉली भरून भाऊकी घेऊन आले. पत्रापुढे सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, "हसा आता." कुणी हसलं नाही. मला मात्र इतका आनंद झाला की शेजारच्या खोलीत जाऊन मी एकटीच हसून घेतलं.

पत्र पुढेही संग्रहालयातच, काचेखाली राहिलं. दसऱ्याला आबा हळदीची वाटी घेऊन हजर. साहेबांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "आबा, काचेवर लावा."

त्यांनी काचेवर, बरोबर सहीच्या वर, बोट टेकवलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. डाग काढायला घेण्याआधी तो कुणी आणि का पाडला, ते विचारायचं. आणि काचेवरची हळद पुसायला ओलं फडकं पुरतं.