बरा दिसणारा माणूस

बेल्याच्या मंडल ऑफिसात मी अपंगांच्या सरकारी पेन्शनचे अर्ज तपासत असे. एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आली. दाखला मानसिक आजाराचा, पण माणूस दाढी केलेला, धुतलेला सदरा घातलेला. मला हे सोंग वाटलं. त्याला नाव विचारलं, तर तिनंच सांगितलं. माझा संशय पक्का झाला.

"तुमी जरा बाहेर बसा," मी तिला म्हणालो.

ती दारापर्यंत गेली. त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी पुन्हा नाव विचारलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. ती झटकन परतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"दिसतो तर चांगला," मी तरीही म्हणालो.

"दिसंनच न, साहेब!" ती म्हणाली. "रोज मी त्याची दाढी करतो, गोळी गिळेपर्यंत समोर बसतो. त्याच्यापायी कापूस वेचाले जाणं सुटलं माह्यं. फाटक्या कपड्यात आणला असता, तर तुमी इचारलं नसतं न?"

मी शिफारस लिहून दिली. पण त्याआधी असे किती बरे दिसणारे मी परत पाठवले होते, ते मला आठवेना.